हेच उदाहरण का घेतले, असे आम्हाला विचारा

प्रति,
सर्व केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

आदरणीय साहेब, आदरणीय मॅडम,

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. हे पत्र टाचण वहीबद्दल आहे, त्यातही गणिताच्या टाचणाबद्दल. आपण शाळेवर येता तेव्हा हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही आणि टाचण वही आधी टेबलावर मांडली जाते. पहिल्या दोन वह्यांत आकडे जुळले की काम झाले. टाचण वहीत काय जुळायला हवे, हा माझा प्रश्न आहे. माझ्या वहीत आजवर लाल शाईने जे शेरे आले ते असे: ‘टाचण अद्ययावत ठेवावे’, ‘अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक लिहावा’, ‘साहित्याचा रकाना रिकामा आहे’, ‘तारखा पूर्ण कराव्यात’. शेरे देणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनाही वरून एक नमुना आलेला असतो आणि एका दिवसात दोन-तीन शाळा उरकायच्या असतात. पण ‘बाई, उद्या फळ्यावर हेच उदाहरण घ्यायचे तुम्ही का ठरवले?’ असे मला एकदाही कोणी विचारले नाही. हा प्रश्न विचारला जात नाही म्हणून गणिताचे टाचण राज्यभर नक्कल करण्याची वस्तू होऊन बसले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरीची हातच्याची वजाबाकी घेऊ. टाचणात ओळ असते: ‘५२ − २७ हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले. विद्यार्थ्यांकडून सराव करून घेतला.’ वर निष्पत्ती लिहिलेली असते, साहित्याच्या रकान्यात काड्यांचे गठ्ठे असतात, शेवटी स्वाध्यायातली पाच उदाहरणे. तपासणाऱ्याला यात खोट काढायला जागा नाही.

आता मुलांच्या पाट्या पाहा. बऱ्याच पाट्यांवर २५ येते आणि काही पाट्यांवर ३५. ही ३५ लिहिणारी मुले एका प्रकारची नसतात. काहींनी एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलटे केले, ७ मधून २ घालवले आणि ५ मांडले. दशकात ५ मधून २ गेले, ३ उरले. दुसऱ्या काहींनी दशक नीट सुटा केला, १२ मधून ७ वजा केले, ५ मांडले. फक्त दशकाच्या घरातल्या ५ चे ४ करायचे राहून गेले, म्हणून तिथेही ३. दोघांचेही उत्तर ३५. पहिल्याला दशक सुटा करणे म्हणजे काय हेच उमगलेले नाही. दुसऱ्याला ते उमगले आहे, लिहिताना एक पायरी सुटली आहे. दोघांना लागणारी मदत वेगळी, पण पाटी पाहून कोण कोणता हे बाईंना कळणार नाही, कारण या उदाहरणात एककांच्या अंकांतला फरक नेमका ५ आहे. ७ मधून २ गेले तरी ५ आणि १२ मधून ७ गेले तरी ५. फरक ५ असलेल्या प्रत्येक उदाहरणात हे घडते. ४३ − १८ घ्या, ६१ − ३६ घ्या, दोन्ही चुका एकाच उत्तराखाली लपतात.

एकच अंक बदलू या: ५३ − २७. बरोबर उत्तर २६. एककाच्या घरात उलटी वजाबाकी करणारे मूल ३४ लिहील. दशक सुटा करून तो कमी करायला विसरणारे ३६ लिहील. आणि ‘तीनातून सात जात नाहीत’ याचा अर्थ काही उरतच नाही असा घेणारे मूल एककात शून्य मांडून ३० लिहील. म्हणजे वर्गातून एक फेरी मारली की कोणाशी काय बोलायचे ते पाट्याच सांगतात. ३४ वाल्याचे लिहिणे थांबवायचे, त्याच्यापुढे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवायच्या आणि त्याच्याकडे सत्तावीस काड्या मागायच्या. गठ्ठा सोडल्याशिवाय त्याला त्या देताच येणार नाहीत. ३६ वाल्याला पुन्हा काड्या दिल्या तर तो कंटाळेल, कारण काड्यांचे काम त्याला येते. त्याला ताळा करायला लावायचा: ३६ आणि २७ मिळवले तर ६३ होतात, मग त्रेपन्नचे त्रेसष्ट कसे झाले ते तूच शोध. ३० वाल्याच्या बाबतीत आपल्या तोंडचे वाक्य तपासायला हवे. ‘जात नाहीत’ हे शब्द आपणच रोज उच्चारतो आणि त्याने ते शब्दशः घेतलेले असतात.

मुलांच्या अशा चुका बेशिस्तीच्या नसतात, हे जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्येच वजाबाकीची उदाहरणे तपासून दाखवले होते. मूल बरेचदा एका चुकीच्या नियमाने, पण नियमानेच, वागत असते. तो नियम कोणता हे उघड करणारे उदाहरण निवडणे म्हणजे पाठाची तयारी. ५२ ऐवजी ५३ घेण्याचा हा निर्णय टाचण वहीच्या कुठल्या रकान्यात लिहायचा, ते आपण मला सांगा. माझ्या वहीत तसा रकाना नाही.

वर्गात आणखी एक मूल असते. आमच्याकडे आठवडी बाजारात आईसोबत भाजीच्या पालावर बसणारी मुले आहेत. अशी मुलगी ५३ − २७ ची मांडणी करीतच नाही. ती सत्तावीसात तीन मिळवून तीस करते, तिसावर वीस म्हणजे पन्नास, वर तीन, झाले सव्वीस. सुटे पैसे परत देताना ती रोज हेच करते. तिची पाटी कोरी असते आणि उत्तर बरोबर असते. तयारी नसलेला शिक्षक तिला म्हणतो, ‘रीत मांड.’ तयारी असलेल्याला ठाऊक असते की आज हे उत्तर येणार. त्याने फळ्याची उजवी बाजू तिच्यासाठी मोकळी ठेवलेली असते. तिथे संख्यारेषा काढून तो तिच्या उड्या मांडतो, शेजारी पुस्तकातली रीत ठेवतो आणि दोन्हींत सव्वीस कुठे दिसतात ते वर्गाला शोधायला लावतो. माझ्या अनुभवात या अर्ध्या तासात वर्ग जेवढे गणित बोलतो तेवढे आठवडाभराच्या सरावात बोलत नाही.

‘असर’ या सर्वेक्षणाच्या चाचणीतली वजाबाकी हीच असते, दोन अंकी आणि हातच्याची. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना ती जमली. तिघांपैकी एकाला. हा आकडा आला की आपल्याकडे परिपत्रके निघतात, सराव वाढवा, चाचण्या वाढवा, वेळापत्रकात तासिका वाढवा. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावे हा त्याचा हेतू आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. पण हेतू गाठायचा तर कोणती उदाहरणे, कोणत्या क्रमाने, कोणत्या उत्तराची वाट पाहत द्यायची, याची चर्चा मी आमच्या केंद्रात ऐकलेली नाही. उद्दिष्टाचे पोस्टर मात्र प्रत्येक वर्गात आहे.

टाचणाचे हे रकाने आले कुठून, हेही पाहायला हवे. डी.एड. करताना आम्ही सगळ्यांनी हर्बार्टची पंचपदी पाठ केली. हर्बार्ट हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन तत्त्वज्ञ, १८४१ मध्ये वारले. त्यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी, विशेषतः झिलर आणि राईन यांनी, पाठाच्या पाच ठरावीक पायऱ्या बसवल्या: पूर्वतयारी, विषय मांडणे, तुलना, नियमापर्यंत येणे, उपयोजन. ही चौकट जगभरच्या अध्यापक विद्यालयांत गेली. नव्या शिक्षकाला ती आधार देते, मी तिला नावे ठेवणार नाही. पण तिच्यात सगळी वाक्ये शिक्षकाची आहेत. शिक्षक प्रस्तावना करतो, हेतुकथन करतो, प्रतिपादन करतो. मूल मधे काय म्हणेल, चुकीचे म्हणाले तर पुढची पायरी बदलेल का, याला त्या चौकटीत घर नाही. नंतर रकान्यांची नावे बदलली. ज्ञानरचनावाद आला तेव्हा ‘अध्ययन अनुभव’ हा शब्द आला, मग निष्पत्ती आल्या. रकान्यात उतरणारी वाक्ये मात्र तीच राहिली.

बाहेरच्या देशांत पाठाची तयारी कशी चालते त्याची दोन उदाहरणे देते. जपानमध्ये प्राथमिक शिक्षक एकत्र बसून एखादा पाठ आखतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांच्या शेजारी उभे राहून निरीक्षण करतात आणि नंतर चर्चा होते. या परंपरेला तिथे शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट यांच्या १९९९ च्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकात हिरोशिमातल्या एका प्राथमिक शाळेची हकिकत आहे. पहिलीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी प्रथमच शिकवायची आहे आणि शिक्षक कोणत्या दोन संख्या घ्याव्यात यावर चर्चा करीत बसले आहेत, कारण संख्या बदलली की मुलांच्या सोडवण्याच्या रीती बदलतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यांच्या पाठाच्या आराखड्यात शिक्षकाच्या प्रश्नाशेजारी मुलांची अपेक्षित उत्तरे लिहायला स्वतंत्र रकाना असतो. फळासुद्धा आधी कागदावर आखलेला असतो. तास सुरू झाल्यावर शक्यतो काही पुसायचे नाही, म्हणजे तास संपताना पाठाचा सगळा प्रवास फळ्यावर वाचता यावा.

दुसरे उदाहरण चीनचे. लिपिंग मा या संशोधक बाईंनी ७२ चिनी आणि २३ अमेरिकी प्राथमिक शिक्षकांशी बोलून त्याच वर्षी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला पहिलाच विषय हातच्याची वजाबाकी हा आहे. चिनी शिक्षकांचे शालेय शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होते, नववीपर्यंत शाळा आणि पुढे दोन-तीन वर्षांचा अध्यापक अभ्यासक्रम. तरी प्राथमिक गणिताची त्यांची समज जास्त खोल निघाली. मा यांनी त्याचे एक मोठे कारण दिले ते असे की हे शिक्षक पाठ्यपुस्तकाचा कसून अभ्यास करीत आणि सहकाऱ्यांबरोबर बसून पाठाची तयारी करीत. म्हणजे शिकवता शिकवता आणि तयारी करता करता त्यांचे स्वतःचे गणित वाढत गेले. ही गोष्ट मला फार आशेची वाटते. आपल्याकडचे अनेक प्राथमिक शिक्षक बारावी आणि डी.एड. करून आलेले आहेत. त्यांना गणित येत नाही असे म्हणून प्रशिक्षणांवर प्रशिक्षणे लावली जातात. त्यांना दर आठवड्याला एक पाठ चार जणांत बसून आखू द्या, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या घरातही धडा होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’ अशा संख्यावाचनावरून केवढा वाद झाला. वर्तमानपत्रे, टीव्ही, थेट विधानसभा. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी मुलांची अडचण काय आहे ते शांतपणे मांडले: तेवीस म्हणताना तीन आधी उच्चारायचे आणि लिहिताना दोन आधी लिहायचे, यात लहान मूल अडखळते. त्यावर मते वेगवेगळी असू शकतात, माझे मत मी इथे मांडत नाही. मला सलते ते हे की सगळा महाराष्ट्र पुस्तकावर बोलला आणि वर्गातल्या तयारीवर कोणी बोलले नाही. तेवीस ऐकून ३२ लिहिणारे मूल ओळखायचे असेल तर श्रुतलेखनाला ४४ आणि ५५ देऊन काय उपयोग? तिथे अदलाबदल दिसतच नाही. छत्तीस आणि त्रेसष्ट, अठ्ठावीस आणि ब्याऐंशी अशा जोड्या काढाव्या लागतात, त्या एकामागोमाग न देता विखरून द्याव्या लागतात. हे बाईंनी आदल्या दिवशी कागदावर मांडून ठेवायचे काम आहे आणि पुस्तक कोणतेही आले तरी ते टळत नाही.

अपूर्णांकांत तर टाचणे पाहून मन खिन्न होते. पाव, अर्धा, पाऊण शिकवायला सगळीकडे गोल भाकरी. वर्षानुवर्षे भाकरीच. मुलाला मग पाव म्हणजे वर्तुळाचा कोपरा असे वाटू लागते. पाव लिटर, पाव मीटर, बारा चिंचोक्यांचा पाव भाग त्याला ओळखता येत नाही. ज्या गावात सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द रोज कानावर पडतात, ज्या घरांत आजोबांना पावकी आणि दिडकी अजून तोंडपाठ आहे, तिथे ही अवस्था आहे.

आता आमच्या बाजूची अडचण, कारण शिक्षक तयारी का करीत नाहीत हा प्रश्न आपण विचारालच. मोबाइलवर तयार टाचणे फिरतात, महिनानिहाय, इयत्तानिहाय. अनेक शिक्षक तीच उतरवून काढतात. मी त्यांना आळशी म्हणणार नाही. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात आणि प्रत्येक इयत्तेचे सगळे विषय. प्रत्येक विषयाचे रोजचे टाचण सगळे रकाने भरून लिहायचे म्हटले तर हाताला लिहिणे पुरते, डोक्याला विचार करायला वेळ उरत नाही. माणूस मग लिहिण्याचे काम उरकतो आणि विचाराचे सोडून देतो, कारण तपासणी लिहिण्याची होते.

कायदा याबाबतीत आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची काढून पाहा. शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत, असे शब्दांत लिहिले आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ४५ तासांचे दिवसाला साडेसात तास होतात. कागदावर साडेतीन तास उरतात. ते कुठे जातात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ‘आज दुपारी चारपर्यंत लिंक भरावी’, ‘तातडीने माहिती सादर करावी’, पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादीचे काम, गावातले सर्वेक्षण. संसदेने तयारीसाठी मोजून दिलेला वेळ माहिती भरण्यात जातो आणि त्या वेळात जी तयारी व्हायला हवी होती तिची वही मात्र तपासली जाते. हा अन्याय आहे, तो आपल्या हातून होतो आहे आणि थोडासा तरी आपल्याच हातून थांबू शकतो.

आपल्यापैकी काही जण वेगळे वागतात हेही लिहिले पाहिजे. एका विस्तार अधिकारी मॅडमनी आमच्या वर्गात एका मुलीच्या शेजारी जमिनीवर बसून तिने चुकीचे उत्तर कसे काढले ते तिच्याकडूनच ऐकून घेतले होते. त्यांनी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे काहीच म्हटले नाही, नुसते ‘मग पुढे काय केलंस?’ असे विचारत राहिल्या. बोलता बोलता त्या मुलीने स्वतःची चूक स्वतःच पकडली. त्या दिवशी टाचण वही उघडली गेली नाही आणि तरी माझ्या गणिताच्या तयारीची त्याहून चांगली तपासणी कधी झालेली नाही.

माझ्या विनंत्या मोठ्या नाहीत. एखाद्या विनंतीला वरून परवानगी लागत असेल, पण बहुतेक आपल्या अखत्यारीत आहेत असे मला वाटते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती शीर्षकातच आहे. गणिताच्या टाचणाचे कोणतेही एक पान उघडा आणि विचारा: हेच उदाहरण का? मुले कोणती उत्तरे देतील असे तुम्हाला वाटते? चुकीचे उत्तर आले तर पुढे काय करणार आहात? शिक्षकाला उत्तर देता आले तर रकाना रिकामा असला तरी सही करा. उत्तर देता आले नाही तर रागावू नका, शेजारी बसा आणि दोघे मिळून पुढच्या तासाचे एक उदाहरण निवडा. अशा पाच मिनिटांचा उपयोग लाल शाईच्या दहा ओळींपेक्षा जास्त होईल. हे प्रश्न आपण विचारता अशी बातमी केंद्रात पसरायला वेळ लागत नाही. एका फेरीत सगळ्या शाळांना कळेल आणि उतरवून काढलेले टाचण आपोआप निकामी ठरेल, कारण या प्रश्नांची उत्तरे त्या पीडीएफमध्ये नसतात.

दुसरे, सगळ्या विषयांचे रोजचे सविस्तर टाचण मागण्याऐवजी गणिताच्या एका घटकाचे एकच पान खोलात मागा. त्यावर चार गोष्टी पुरेत: मुलांपुढे ठेवायचा प्रश्न, अपेक्षित उत्तरे चुकीची धरून, प्रत्येक उत्तरावर शिक्षक काय करणार, आणि फळा कसा दिसेल त्याची आकृती. तास झाल्यावर त्याच पानावर दुसऱ्या शाईने प्रत्यक्ष काय झाले ते लिहू द्या. बाकीच्या दिवसांची नोंद दोन ओळींत चालेल असे आम्हाला सांगा, तेही लेखी, म्हणजे पुढच्या तपासणीत दुसरे कोणी त्यावरून खुलासा मागणार नाही.

मागच्या वर्षीचे टाचण पुन्हा वापरायला परवानगी द्या. दर जूनला नवी वही आणि पहिल्यापासून लेखन हा आग्रह मला कधी समजला नाही. गेल्या वर्षी कोणत्या उदाहरणावर वर्ग अडला हे ज्या पानावर लिहिले आहे ते पान या वर्षी सर्वांत मोलाचे आहे. त्यावरच भर घालू द्या. एकाच वजाबाकीवर तीन वर्षांच्या शाईच्या नोंदी असलेली वही कुठल्याही नव्या शिक्षकाला डी.एड.च्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवील.

शिक्षण परिषदेबद्दल फार लिहीत नाही. दर महिन्याला केंद्रातले सगळे शिक्षक एका छताखाली येतात, ही सोय आपल्याकडे आधीच आहे आणि ती सूचना वाचून दाखवण्यात जाते. सूचना मोबाइलवर पाठवा. परिषदेचा अर्धा वेळ एका गणित पाठाला द्या: एका शाळेचा खरा वर्ग, खरी मुले, एक शिक्षक शिकवणार, बाकीचे मुलांच्या पाट्या पाहणार. चर्चा मुलांनी काय केले यावर व्हावी. शिकवणाऱ्याचे गुणदोष त्यात कोणी काढू नयेत, नाहीतर दुसऱ्या महिन्यात कोणी पुढे येणार नाही. हे सांभाळणे आपल्या हाती आहे, तिथे आपल्या शब्दाला वजन आहे. डायटच्या अधिव्याख्यात्यांनाही बोलवा, त्यांनी भाषण न करता पाट्याच पाहाव्यात.

बहुवर्गाचा विचार वेगळा करायला हवा आणि तो मी इथे पुरता मांडू शकत नाही. एवढेच सांगते की दोन इयत्ता एकत्र बसलेल्या वर्गाला दोन वेगळी टाचणे मागणे म्हणजे आमचा वर्ग प्रत्यक्षात कसा आहे याकडे डोळेझाक करणे आहे. तिसरीला ५३ − २७ आणि चौथीला ५०३ − २७ एकाच पानावर, एकाच फळ्यावर आखता येतात. चौथीच्या उदाहरणातला शून्य सोडवताना तिसरीची मुले कान देऊन ऐकतात. अशा एकत्र टाचणाला मान्यता द्या.

आणि दुपारी चारपर्यंत भरायच्या लिंका. त्या सगळ्या आपण थांबवू शकत नाही हे मला कळते. निदान शाळा चालू असताना आलेली मागणी शाळा सुटल्यावर कळवा. आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्या, त्या दिवशी केंद्रातून कोणतीही माहिती मागितली जाणार नाही आणि तो वेळ कायद्यातल्या तयारीसाठी असेल.

माझ्या सहकारी शिक्षकांनाही हे पत्र वाचायला मिळेल, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. साहेबांनी मागितले नाही तरी आपण हे करू शकतो. शेजारच्या शाळेतल्या बाईंना संध्याकाळी फोन करून ‘उद्या मी हे उदाहरण घेते आहे, तुमची मुले काय म्हणाली होती?’ एवढे विचारायला कोणाच्या आदेशाची गरज नाही. आपल्याला आपल्या मुलांच्या चुका माहीत आहेत. हे ज्ञान कुठल्याही तज्ज्ञाकडे आपल्याइतके नाही, पण ते आपण लिहून ठेवत नाही आणि निवृत्तीबरोबर ते घरी जाते.

शेवटी एक निमंत्रण. दिवाळीनंतर आमच्या चौथीत भागाकार सुरू होतो. पहिल्या तासाला ६१२ ÷ ६ घ्यायचे मी ठरवले आहे. काही मुले १२ लिहितील, कारण १ मध्ये ६ जात नाहीत तेव्हा भागाकारात शून्य मांडायचे राहून जाते. त्या मुलांना मी आधी विचारणार आहे की सहाशे रुपये सहा जणांत वाटले तरी प्रत्येकाला किती मिळतील. मग १२ हे उत्तर त्यांचे त्यांनाच खटकायला हवे. ६१२ ऐवजी ८१६ ÷ ८ घ्यावे का, की आधी ६०६ ÷ ६ ने सुरुवात करावी, हे माझे अजून पक्के नाही. आपल्या केंद्रातल्या चौथीच्या वर्गांत मुले इथे काय करतात ते पाहून या. टाचणाचे पान मी टेबलावर काढून ठेवीन. बसायला खुर्ची आहेच, पण मुलांजवळ सतरंजीवर बसलात तर पाट्या जास्त नीट दिसतील.

आपली नम्र,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका